अडीच एकर, दोन नोकऱ्या आणि एक गाय

प्रश्न असा आहे. जळगाव शहरात राहणारे पती-पत्नी, दोघेही नोकरीत, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा. धरणगाव तालुक्यात सासऱ्यांची अडीच एकर जमीन आहे, तिच्यात एक विहीर आहे. सासरे आता नाहीत आणि ६८ वर्षांच्या सासूबाई गावातल्या जुन्या घरात एकट्या राहतात. मळ्यात छोटेसे घर बांधून सर्वांनी तिथे राहायला जावे, एक गाय, चार शेळ्या आणि काही कोंबड्या पाळाव्यात, घरचे दूध, अंडी आणि भाजी खावी, मुलांना मातीची ओळख व्हावी, अशी या ताईंची इच्छा आहे. उत्पन्नाची अपेक्षा नाही. हे कुटुंबाला झेपेल का आणि सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, हे झेपेल, पण तुम्ही ज्या क्रमाने लिहिले आहे त्या क्रमाने झेपणार नाही. तुमच्या यादीत गाय पहिली आहे. माझ्या मते ती सर्वांत शेवटी यावी, आणि कदाचित येऊच नये. मी आणि माझे पती चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तीन एकरांवर गेली १८ वर्षे राहत आहोत. ते शाळेत शिक्षक आहेत आणि गोठ्याचे बहुतेक काम माझ्याकडे असते. आमची दोन्ही मुले याच मळ्यात वाढली. या काळात माझ्या ओळखीतली चार-पाच कुटुंबे तुमच्यासारख्याच हौसेने मळ्यात राहायला आली आणि त्यांपैकी दोन परत शहरात गेली. त्यांची जमीन कमी पडली नाही आणि पैसाही कमी पडला नाही. कमी पडली ती सकाळ-संध्याकाळची माणसे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की जनावरांची संख्या एकरावरून ठरवू नका. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला, आजारपणात आणि लग्नसराईतही, घरात हमखास किती हात मोकळे असतील ते मोजा आणि त्यावरून ठरवा.

गाईचे काम किती असते ते आधी सांगते, कारण दूध काढणे म्हणजेच गाय सांभाळणे असा शहरात अनेकांचा समज असतो. धार काढायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्याआधी शेण उचलायचे, गोठा झाडायचा, आंबोण भिजवायचे, आणि धारेनंतर वासराला पाजायचे, चारा कापून आणायचा, कडब्याची कुट्टी करायची, गव्हाण भरायची, पाणी दाखवायचे. दुभत्या गाईला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो, शिवाय सरकीची ढेप किंवा पशुखाद्य वेगळे. सकाळ-संध्याकाळ मिळून अडीच-तीन तास सहज जातात, आणि हे तास तुमच्या सोयीने पुढे-मागे सरकत नाहीत. धारेची वेळ वरचेवर चुकली, कास तशीच तुंबून राहिली, तर गाईला कासदाह होतो, सड दगडासारखा घट्ट होतो आणि कधीकधी तो सड कायमचा जातो. तुम्ही दोघे सकाळी आठला घर सोडणार आणि संध्याकाळी सातला परतणार असाल, तर हे अडीच तास कोणाच्या वाट्याला येतील, याचे उत्तर आजच कागदावर लिहून ठेवा.

हे उत्तर लिहून ठेवले नाही तर काय होते ते मी स्वतः भोगले आहे. पहिली तीन वर्षे आमच्या घरात कोणाचे काम कोणते हे कधी ठरलेच नाही, आणि जे ठरत नाही ते घरातल्या बाईच्या अंगावर पडते. शेण, धार, मुलांचे डबे, पाण्याची मोटर, कोंबड्यांचे खुराडे, पुन्हा धार, पुन्हा स्वयंपाक. माझ्या पतींचा त्यात दुष्टपणा नव्हता. काम त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हते, कारण ते शाळेसाठी निघण्याआधी आणि परतण्याआधी होऊन गेलेले असे. चौथ्या वर्षी मला टायफॉइड झाला आणि मी तीन आठवडे अंथरुणावर होते. पहिल्या संध्याकाळी गाईने त्यांना जवळ येऊ दिले नाही, कारण तिला त्यांच्या हाताची सवयच नव्हती. शेजारच्या मळ्यातल्या वहिनी त्या तीन आठवड्यांत रोज दोन वेळा येऊन धार काढून गेल्या. मी बरी झाल्यावर आम्ही दोघे बसलो आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने सात दिवसांचा तक्ता आखला. तो तक्ता आजही आहे, फक्त आता त्यात मुलांची नावे कमी झाली आहेत, कारण ती शिकायला बाहेर गेली. त्यातला एक नियम मी तुम्हाला आवर्जून सांगेन: घरातल्या किमान दोन माणसांना प्रत्येक जनावराची धार, चारा आणि औषध यांची सवय असली पाहिजे आणि जनावरालाही त्या दोघांची सवय असली पाहिजे.

सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवरचा गडी, ठेवावा का, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचे वर्ष सुरू होते आणि तेव्हाच बोलणी होतात. अडीच एकरांच्या हौसेच्या शेतीला पूर्ण वर्षाचा सालदार परवडत नाही आणि त्याला पुरेसे कामही नसते. शेजारच्या दोन-तीन मळेकऱ्यांशी सावड करणे त्याहून चांगले. तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात तर त्यांनी तुमची जनावरे पाहायची आणि ते पंढरपूरला गेले तर तुम्ही त्यांची. ही सावड पैशाने विकत मिळत नाही. ती जुळायला वर्ष-दोन वर्षे शेजारी राहावे लागते, त्यांच्या कापूस वेचणीला कधी हात लावावा लागतो, त्यांच्या घरी बसून चहा घ्यावा लागतो. गाय शेवटी आणा, असे मी म्हणते त्याचे हे मोठे कारण आहे: आधी शेजार जोडला पाहिजे.

आता पाण्याविषयी. तापीच्या उत्तरेला, यावल-रावेरकडे गाळाची जमीन आणि खोल कूपनलिका असतात, त्यामुळे तिकडच्या केळीच्या बागा पाहून कोणी अंदाज बांधू नये. तुमच्या भागात खाली काळा खडक आहे आणि विहिरीचे पाणी झपाट्याने उतरते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. पोळ्याला काठोकाठ दिसणारी विहीर आखाजीला तळ दाखवू शकते. घर बांधण्याआधी एक पूर्ण उन्हाळा त्या विहिरीचे पाणी मोजा: दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून खोली घ्यायची आणि वहीत लिहायची. मुलीला हे काम द्या, ९ वर्षांच्या मुलीला ते उत्तम जमते, मात्र कठड्याशी मोठे माणूस तिच्या शेजारी उभे पाहिजे. मे महिन्यात एका गाईला धुण्यासह ८० ते १०० लिटर, शेळीला पाच-सहा लिटर आणि कोंबडीला अर्धा लिटर पाणी रोज लागते असे धरा, त्यात घराचे पाणी मिळवा आणि झाडांचे ठिबक मिळवा. हा हिशोब एप्रिलच्या अखेरीच्या पाण्यात बसत नसेल तर जनावरे कमी करा. टँकरवर हौसेची शेती चालवू नये.

विहीर भावकीत सामायिक असेल तर पाण्याची पाळी आधी ठरवून घ्या, आणि शक्यतो लिहून घ्या. साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठावर पाणीवाटपाची फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण कोणत्या फडात (शेतांच्या गटात) कोणते पीक आणि कोणाला केव्हा पाणी हे हंगामाआधी सर्वांसमक्ष ठरत असे आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी देत असे. भावाभावांत पाण्यावरून जे वितुष्ट येते ते बहुतेक वेळा पाणी नसल्यामुळे येत नाही, पाळी ठरलेली नसल्यामुळे येते. त्याच ओघात सातबाऱ्यावर सर्व वारसांची नोंद झाली आहे का, विहिरीची नोंद आहे का आणि मळ्यापर्यंतचा रस्ता कोणाच्या वावरातून जातो, एवढे तलाठ्याकडे जाऊन पाहून घ्या.

ज्यांच्यापासून सुरुवात करावी त्या कोंबड्या. सहा-सात गावरान तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा पुरे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, मध्येच खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि २१ दिवसांनी पिल्ले घेऊन बाहेर येते. मुलांसाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. अंडीच जास्त हवी असतील तर वनराजा किंवा गिरिराजा यांसारख्या सुधारित जाती आहेत, पण त्यांना खुडूक बसण्याची हौस फारशी नसते. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस आणि पुढे आठ-दहा आठवड्यांनी दुसरी लस द्यावी. ती चुकली तर एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. तेव्हापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते: बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय आपल्या पक्ष्यांत सोडायचा नाही, आणि एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर मुलांना हात लावू न देता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे.

खान्देशात कोंबड्यांचा खरा शत्रू मात्र मे महिन्याचे ऊन आहे. आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी खुराड्यावर नवे कोरे पत्रे टाकले होते, पाऊस गळू नये म्हणून. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला. दुपारी दोनच्या सुमारास मी पाणी बदलायला गेले तेव्हा कोंबड्या पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या. पाण्याचे भांडे भरलेले होते, पण त्यात बोट बुडवले तर पाणी चहासारखे गरम लागले. एकही कोंबडी ते पीत नव्हती. मी पोती ओली करून टाकेपर्यंत आणि त्यांना सावलीत हलवेपर्यंत अकरा कोंबड्या गेल्या. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि एकेक कोंबडी उचलून तिच्या चोचीत चमच्याने पाणी घालत होता. ती चूक माझी होती आणि मी त्याला तसे सांगितले.

त्यानंतर आम्ही पत्र्यावर तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाटीचा हातभर थर टाकला, त्यावर वाळलेली केळीची पाने अंथरली, पश्चिमेच्या बाजूला ओली पोती टांगण्यासाठी तार बांधली आणि पाण्यासाठी मातीची पसरट भांडी आणली, ज्यांतले पाणी दुपारी दोनदा बदलायचे. उन्हाळ्यात दाणे पहाटे आणि दिवे लागण्याच्या वेळीच टाकावेत, कारण भर दुपारी खाल्लेले पचवताना पक्ष्याचे अंग आणखी तापते. गोठा किंवा खुराडे बांधाल ते लांबीने पूर्व-पश्चिम असावे, म्हणजे तिरपे ऊन आत शिरत नाही. हे सगळे बांधण्याआधी ठरवायचे असते. मी ते अकरा कोंबड्या गमावून शिकले.

शेळ्या दुसऱ्या वर्षी आणा, आणि चार नव्हे, दोनच. एकटी शेळी ओरडत राहते, दोन असल्या की शांत असतात. विहिरीच्या दंडावर (पाण्याच्या पाटाकडेला) आणि बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ आधीच लावून ठेवलीत तर त्यांचा निम्मा चारा तिथून निघतो. शेळी साधारण १५० दिवसांनी विते, दोन करडे सहज देते आणि तिचे दूध पाच जणांच्या चहापुरते निघते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी आणि पीपीआर या शेळ्यांच्या संसर्गजन्य आजाराची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी. हिवाळ्यात शेळ्या वावरात सोडाल तेव्हा एक धोका लक्षात ठेवा: कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणाने सुकलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या हिरव्या धांड्यांत, हायड्रोसायनिक आम्ल असते आणि ते खाल्ल्यावर गाय, म्हैस, शेळी काही मिनिटांत कोसळते. आपल्याकडे दादर (रब्बी ज्वारी) घरोघर पेरतात, त्यामुळे हा धोका आपल्या बांधालगतच असतो. फुलोऱ्याआधीची ज्वारी जनावराला घालायची नाही, हे मुलांनाही माहीत हवे, कारण हिरवागार चारा दिसला की मुले प्रेमाने तोच उपटून आणतात.

मुलांना मातीची ओळख व्हावी असे तुम्ही लिहिले आहे. ती होईल, पण त्यात बोकडही असतो, हे आधीच समजून घ्या. शेळीला पाट (मादी करडू) झाली तर ती घरात राहते, बोकड झाला तर तो आठ-दहा महिन्यांत विकावाच लागतो. दोन बोकड वाढले की गोठ्यात शांतता राहत नाही आणि नात्यातलाच पैदाशीला वापरला तर करडे कमजोर होतात. माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिने एका बोकडाला बाटलीने दूध पाजून वाढवले, कारण त्याची आई विताना गेली होती. तिने त्याचे नाव ठेवले, दर रविवारी त्याला वजनकाट्याच्या आकड्याला लावून वजन वहीत लिहिले. आम्ही तो विकणार आहोत हे तिला आठवडे बाजाराच्या आदल्या रात्री सांगितले. सकाळी व्यापारी आला तेव्हा ती रडली नाही. तिने वही आणली, त्याला भाव विचारला, शेवटच्या वजनाखाली तो आकडा लिहिला आणि वही मिटली. त्यानंतर दोन महिने ती गोठ्यात आली नाही. मी त्या दिवशी बोकड विकला याचे मला वाईट वाटत नाही. तिला नऊ महिने अंधारात ठेवले याचे वाटते. पुढे आमच्या घरात असे ठरले की करडू जन्मले त्याच दिवशी मुलांना सांगायचे, हे राहणार आणि हे जाणार. जे जाणार त्याचे नाव ठेवायचे की नाही, हे मुलांनी ठरवायचे. माझ्या मुलाने पुढेही प्रत्येकाचे नाव ठेवले. मुलीने ठेवले नाही, पण वजनाची वही तिने बारावीपर्यंत चालवली.

वयानुसार कामे सांगायची तर पाच वर्षांच्या मुलाने अंडी गोळा करावीत, दाणे टाकावेत, मेथी-पालकाचे वाफे निंदावेत. ९ वर्षांची मुलगी खुराडे झाडू शकते, शेळीला पाणी दाखवू शकते, नोंदी ठेवू शकते. मोटर, कुट्टी यंत्र, फवारणी आणि शिंगवाले जनावर यांच्याजवळ बारा वर्षांखालच्या मुलाने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मुलाला दिलेले काम खरे असावे: त्याने अंडी आणली नाहीत तर त्या दिवशी भाजीत अंडी नसतील, एवढे ते खरे हवे. लुटुपुटूचे काम मुले आठवड्यात ओळखतात आणि सोडून देतात.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विहिरीला तीन फुटांचा कठडा आणि वर लोखंडी जाळी, ही घराच्या पायाआधीची कामे आहेत. शेजाऱ्याचे शेततळे जवळ असेल तर ते स्वतः जाऊन पाहा. शेततळ्याच्या उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूसही घसरल्यावर वर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसते. चारही बाजूंनी कुंपण हवे आणि काठावरच्या खुंटांना बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले हवेत. शेजाऱ्याने केले नसेल तर तुमच्या खर्चाने करून द्या आणि तसे करताना संकोच बाळगू नका. शेतीपंपाची थ्री-फेज वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येते, आणि ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावण्याचे अपघात तेव्हाच होतात. अर्थिंग करून घ्या, पेटी मुलांच्या हाताच्या वर बसवा, बॅटरी हातात घेतल्याशिवाय आणि बूट घातल्याशिवाय कोणीही रात्री मोटरकडे जाऊ नये. कीटकनाशके घरात नकोतच. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर एक थेंबही ओतून ठेवू नका.

साप असणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे माणसांना चावतात. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिच्या दंशाची खूण बहुधा दिसत नाही आणि फारसे दुखतही नाही. म्हणून मळ्यात जमिनीवर झोपायचे नाही, खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचे. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही असे मूल सांगू लागले तर घरगुती उपाय करत बसू नये. दंशाच्या जागी कापू नये, आवळून बांधू नये, तो हात किंवा पाय हलू न देता थेट प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि १०८ ला फोन करावा. ते रुग्णालय मळ्यापासून रात्री किती मिनिटांवर आहे, हे एकदा गाडीने प्रत्यक्ष जाऊन मोजून ठेवा.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण या सगळ्या बेतात त्यांचे मत मला सर्वांत आधी ऐकावेसे वाटते. त्या आज गावात राहतात म्हणजे ओट्यावर चार जणी येऊन बसतात, कानबाईच्या सणाला शेजारणी येतात, किराणा दुकान आणि डॉक्टर पायी चालण्याच्या अंतरावर आहेत. मळ्यात तुम्ही दोघे नोकरीवर आणि मुले शाळेत गेल्यावर त्या दिवसभर एकट्या राहतील, आणि न बोलता गोठ्याची राखण त्यांच्याकडे जाईल. त्यांनी आयुष्यभर शेण काढले आहे. आता तुमच्या हौसेसाठी त्यांनी ते पुन्हा काढावे, हे बरोबर नाही. त्यांना बियाणे राखता येते, खुडूक कोंबडी केव्हा बसवावी ते कळते, बिबडे आणि कळण्याची भाकरी येते, आणि या गोष्टी तुमच्या मुलांनी त्यांच्या शेजारी बसून शिकल्या तर ते मोठे धन आहे. म्हणून माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षे मळ्यात घर बांधूच नका. सासूबाईंच्या गावातल्या घरात राहायला जा, किंवा शनिवार-रविवार आणि सुट्ट्या तिथे घालवा, आणि मळ्यात फक्त अवजारांची खोली, खुराडे आणि एक पक्के शौचालय बांधा. कोंबड्याही पहिल्या वर्षी गावातल्या घराच्या परसात ठेवता येतील.

पाहुण्यांचाही विचार करा. मळा झाला की डिसेंबर-जानेवारीत दर रविवारी भरिताचा बेत ठरतो. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि चुलीपाशी घरची बाई. आम्हीही पहिली काही वर्षे आनंदाने तीस-तीस माणसांचे जेवण केले आणि सोमवारी दोघेही आजारी पडल्यासारखे कामाला गेलो. आता येणाऱ्यांना आम्ही प्रेमाने सांगतो की वांगी आमची, भाजणे आणि ठेचणे तुमचे. कोणाला त्याचे वाईट वाटलेले नाही.

गाईचे सांगायचे राहिले. तिसऱ्या वर्षी कोंबड्या आणि शेळ्या अंगवळणी पडल्या, शेजार जुळला, दहा गुंठ्यांत संकरित नेपियर गवत आणि थोडा मेथीघास उभा राहिला आणि घरातले कोणीतरी मनापासून म्हणाले की धार मी काढीन, तरच गाय आणा. आणाल ती दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, गरीब स्वभावाची आणि दावणीला मुलांना हात लावू देणारी पाहा, दूध दोन लिटर कमी असले तरी चालेल. घेण्याआधी सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करून घ्या, कारण तो आजार कच्च्या दुधातून आणि वाराला (विल्यानंतर पडणाऱ्या झारेला) हात लावल्याने माणसालाही होतो. घरचे दूध ताजे असले तरी उकळूनच प्यायचे. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या यांची पावसाळ्यापूर्वी, आणि लम्पीची वर्षातून एकदा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली होती, आणि त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी रात्री उठून गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला आहे, तरीही एक कालवड गेली. आणि तिसऱ्या वर्षी धार काढायला कोणीच पुढे आले नाही, तर शेजारच्या मळ्यातून रोज दोन लिटर दूध लावा आणि तुमचा नेपियर त्यांच्या गाईला द्या. आमच्या ओळखीतले एक कुटुंब आठ वर्षे असेच करते आहे, आणि त्यांची मुले रोज संध्याकाळी कॅन घेऊन त्या गोठ्यात अर्धा तास बसून येतात.

मुलांची शाळा तूर्त बदलू नका. या जूनमध्ये मात्र एक काम करून टाका. मृगाचा पाऊस पडला की जिथे पुढे गोठा येणार आहे त्याच्या पश्चिमेला चार कडुनिंब आणि बांधावर दोन मेहरूणची बोरे, एक जांभूळ आणि चार शेवगे लावा, आणि प्रत्येक रोपाभोवती काटेरी कुंपण करा, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या शेळ्या ती पहिल्याच आठवड्यात खातील. कडुनिंबाला गोठ्यावर सावली धरायला पाच वर्षे लागतात, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालावे लागते. ते पाणी घालायला तुम्ही चौघे आणि सासूबाई दर रविवारी जात राहिलात, तर पुढच्या दिवाळीला कोंबड्या आणायला हरकत नाही.